रुकी रिसीव्हर निवडताना: मलीक नेबर्सच्या निमित्तानं

फँटसी फुटबॉलमध्ये, म्हणजे अमेरिकी फुटबॉलच्या खऱ्या खेळाडूंचा कागदावरचा संघ बनवून खेळायच्या खेळात, नवखा (रुकी) वाइड रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा खेळाडू, घ्यायचा म्हटलं की बहुतेक जण आधी त्याचा क्वार्टरबॅक, म्हणजे त्याला बॉल टाकणारा, कोण ते बघतात. मी ते सगळ्यात शेवटी बघतो. २०२४ च्या उन्हाळ्यात मलीक नेबर्सचा अभ्यास करताना माझं हे मत पक्कं झालं.

मी न्यू जर्सीत राहतो, त्यामुळे न्यूयॉर्क जायंट्स या संघाच्या बातम्या न मागता कानावर येतात. त्या एप्रिलमध्ये डेट्रॉइटच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीनं कॉलेजचे खेळाडू निवडतात तिथे, जायंट्सनी सहाव्या क्रमांकावर एलएसयूचा (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीचा) रिसीव्हर नेबर्स घेतला. ऑफिसमध्ये सगळ्यांचं एकच म्हणणं होतं: पोरगा भारी आहे, पण त्याला बॉल टाकणार कोण? प्रश्न रास्त होता. जायंट्सचा क्वार्टरबॅक डॅनियल जोन्सच्या गुडघ्याचा लिगामेंट आदल्या नोव्हेंबरमध्ये तुटला होता, आणि २०२३ च्या अख्ख्या हंगामात जायंट्सचा सगळ्यात यशस्वी रिसीव्हर होता झेललेल्या पासांवर ७७० यार्ड मिळवलेला डेरियस स्लेटन.

भारतातल्या मित्रांसाठी थोडं सांगतो. फँटसी फुटबॉल हा प्रकार ड्रीम११ सारखा एका सामन्यापुरता नसतो. ऑगस्टअखेर लीगमधले सगळे एकत्र बसून आळीपाळीनं खेळाडू निवडतात, एकदा घेतलेला खेळाडू दुसऱ्या कुणाला मिळत नाही आणि डिसेंबरअखेरपर्यंत मुख्यतः त्याच संघावर झुंजायचं असतं. आमची लीग पीपीआर (पॉइंट पर रिसेप्शन) आहे. प्रत्येक कॅचला १ गुण, दर १० यार्डांना १, टचडाउनला, म्हणजे बॉल शेवटच्या रेषेपलीकडे नेला की, ६. कॅचला थेट गुण असल्यामुळे पाच यार्डांचा साधा पासही इथे वाया जात नाही. पुढचं माझं सगळं गणित यावरच उभं आहे.

पहिली चाळणी ड्राफ्टच्या क्रमांकाची. पहिल्या फेरीत घेतलेल्या मुलाला संघ बाकावर बसवून ठेवत नाही. उशिरा घेतलेल्यांतही चमकणारे अपवाद असतात, आणि ते मला फार आवडतात. पुका नकुआ २०२३ मध्ये पाचव्या फेरीत, १७७ व्या क्रमांकावर गेला आणि त्यानं १०५ कॅच व १,४८६ यार्ड असे रुकींचे विक्रम केले. पण त्याची सुरुवात झाली तेव्हा संघाचा मुख्य रिसीव्हर कूपर कप दुखापतीमुळे बाहेर होता. ती संधी कुठल्या संघात उघडेल हे ऑगस्टमध्ये कुणालाच सांगता येत नाही. म्हणून असे खेळाडू मी आमच्या लीगमधल्या निवडीच्या शेवटच्या फेऱ्यांसाठी ठेवतो.

मग कॉलेजची कामगिरी. एलएसयूमधल्या शेवटच्या वर्षी नेबर्सचे ८९ कॅच, १,५६९ यार्ड आणि १४ टचडाउन होते. पलीकडच्या बाजूला त्याचाच जोडीदार ब्रायन थॉमस ज्युनिअर १७ टचडाउन करत होता. म्हणजे एवढा तगडा भागीदार असूनही बॉल नेबर्सकडे येत राहिला. शिवाय तो तीन वर्षांत कॉलेज सोडून आला होता आणि ड्राफ्टच्या वेळी अवघा वीस वर्षांचा होता. मोठ्या मुलांमध्ये इतक्या लहान वयात उठून दिसणं याला माझ्या लेखी पळण्याच्या वेगापेक्षा जास्त किंमत आहे. त्याच वर्षी झेवियर वर्दीनं चाळीस यार्ड ४.२१ सेकंदांत पळून कंबाइनचा, म्हणजे ड्राफ्टआधीच्या चाचण्यांचा, विक्रम मोडला. बघायला विलक्षण, पण त्यावरून त्याच्याकडे आठवड्याला किती बॉल येतील हे कळत नाही.

आकड्यांनंतर मी जुने सामने बघतो, आणि हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे. मिसिसिपी स्टेटविरुद्ध नेबर्सनं १३ कॅच आणि २३९ यार्ड घेतले होते. तो सामना बघताना माझी नजर बॉलवर नव्हती, त्याच्या पायांवर होती. रूट (धावायचा ठरलेला मार्ग) कापताना तो किती पटकन थांबतो, बचावपटू त्याच्यापासून किती सुटतो, कॅच घेतल्यावर त्याला पाडायचा पहिला प्रयत्न (टॅकल) तो चुकवतो का. तुम्हीही बघाल तर एकेक डाव मागे घेऊन बघा. प्रसारणात कॅमेरा बॉलमागे धावतो आणि रिसीव्हरचं निम्मं काम चौकटीबाहेर राहतं.

यानंतर येतो तो मुद्दा, ज्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो: नव्या संघात जागा रिकामी आहे का? जस्टिन जेफरसनचं उदाहरण मी नेहमी देतो. २०२० मध्ये वायकिंग्जनी आपला रिसीव्हर स्टेफॉन डिग्ज बफेलोला दिला, त्या व्यवहारात मिळालेल्या २२ व्या क्रमांकावर जेफरसनला घेतलं, आणि पहिल्याच वर्षी त्यानं १,४०० यार्ड केले. घर रिकामं होतं, तो राहायला आला.

याच कसोटीवर मी २०२४ ची मुलं लावली. मार्विन हॅरिसन ज्युनिअर चौथ्या क्रमांकावर ॲरिझोनात गेला होता. वडील हॉल ऑफ फेममध्ये, क्वार्टरबॅक कायलर मरी, सगळीकडे त्याचाच बोलबाला. पण तिथे आदल्या वर्षी ८१ कॅच घेतलेला टाइट एंड (अडवणं आणि झेलणं दोन्ही करणारा) ट्रे मॅकब्राइड होता, आणि तो वाटा सोडणारा नव्हता. थॉमस जॅक्सनव्हिलला गेला, जिथे ख्रिश्चन कर्क, इव्हान एंग्रम आणि गेब डेव्हिस अशी रांगच होती. जायंट्समध्ये मात्र बॉल घेऊन धावणारा सक्वॉन बार्कलीसुद्धा ईगल्सकडे गेला होता. रचना कशीही केली तरी बॉल नेबर्सकडेच जाणार होता.

आता क्वार्टरबॅक. कमजोर क्वार्टरबॅकमुळे लांबचे पास आणि टचडाउन घटतात, हे मी मान्य करतो. पण कॅच घटतीलच असं नाही. हरणारा संघ पिछाडीवर असतो, पिछाडीवरचा संघ पास जास्त टाकतो, आणि गांगरलेला क्वार्टरबॅक आपल्या सगळ्यात भरवशाच्या माणसाकडे बघतो. पीपीआरमध्ये हे सगळं आपल्या फायद्याचं.

आमच्या लीगमध्ये हॅरिसन दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीलाच गेला. तिसऱ्या फेरीत माझी पाळी आली तेव्हा नेबर्स होता, आणि मी क्षणभरही थांबलो नाही. (जायंट्सनी त्याला १ नंबरची जर्सी दिली हे वाचून मला फार आनंद झाला होता. जुने खेळाडू रे फ्लॅहर्टी यांच्या सन्मानार्थ १९३५ पासून निवृत्त असलेला तो नंबर, त्यांच्या कुटुंबाच्या परवानगीनं.)

पहिले तीन आठवडे मी गुणांपेक्षा टार्गेट मोजतो, म्हणजे त्याच्याकडे किती वेळा बॉल टाकला गेला ते. जेफरसनला पहिल्या दोन सामन्यांत मिळून फक्त ५ कॅच होते, तिसऱ्यात १७५ यार्ड आले. हॅरिसनचा पहिला सामना १ कॅच आणि ४ यार्डांचा, दुसरा १३० यार्ड आणि २ टचडाउनचा. एवढ्यावरून कुणाला अदलाबदलीत देऊन टाकू नये. नेबर्सच्या बाबतीत मात्र दुसऱ्याच आठवड्यात चित्र स्पष्ट झालं. वॉशिंग्टनविरुद्ध जोन्सनं २८ पास टाकले, त्यातले १८ त्याच्या दिशेनं. १० कॅच, १२७ यार्ड, एक टचडाउन. चौथ्या आठवड्यात डॅलसविरुद्ध १२ कॅच घेतले आणि त्याच सामन्यात डोक्याला मार बसून (कन्कशन) पुढचे दोन सामने हुकले. रुकी घेताना बाकावर एक खात्रीचा जुना रिसीव्हर ठेवावा तो यासाठीच.

नोव्हेंबरमध्ये जोन्सला संघानं सोडलं. मग क्वार्टरबॅक म्हणून टॉमी डेविटो, मग ड्रू लॉक. जायंट्सचा हंगाम ३ विजय आणि १४ पराभवांवर संपला, आणि नेबर्सचा १५ सामन्यांत १७० टार्गेट, १०९ कॅच, १,२०४ यार्ड आणि ७ टचडाउनवर. दर कॅचमागे ११ यार्ड. जेफरसनचे पहिल्या वर्षी जवळपास १६ होते. क्वार्टरबॅकनं हिरावून नेलं ते हे, कॅच नव्हेत. हॅरिसनला ११६ टार्गेट मिळाले, मॅकब्राइडनं १११ कॅच घेतले.

थॉमसनं १,२८२ यार्ड आणि १० टचडाउन करून एकूण गुणांत नेबर्सला किंचित मागे टाकलं. पण जॅक्सनव्हिलचे कर्क, एंग्रम, डेव्हिस एकामागोमाग जखमी झाले, हे ऑगस्टमधल्या कुठल्याच तक्त्यात नव्हतं. आणि सामन्यामागचे गुण काढले तर नेबर्सच पुढे राहतो.

बहुतेक लीगची अंतिम फेरी सतराव्या आठवड्यात असते, आमचीही. त्या रविवारी जायंट्सच्या मेटलाइफ मैदानावर कोल्ट्सविरुद्ध लॉकनं चार टचडाउन पास टाकले, त्यातले दोन नेबर्सला. ७ कॅच, १७१ यार्ड, एकट्याचे ३६ गुण. जायंट्स ४५-३३ नं जिंकले आणि त्या विजयामुळे पुढच्या ड्राफ्टचा पहिला क्रमांक, जो सगळ्यात तळाच्या संघाला मिळतो, त्यांच्या हातून निसटला, म्हणून न्यू जर्सीतले माझे मित्र दिवसभर हळहळत होते. मी लीग जिंकली होती.