बंद काउंटरचं लायसन्स

दुकानाचा सॉफ्टवेअरचा खर्च कमी करायचाय म्हटलं की सगळे आधी हेच विचारतात, स्वस्तातलं दुसरं कुठलं आहे का. मी म्हणतो थांबा, दर महिन्याला पैसे कशाकशाचे जातात त्याची यादी आहे का? नसते. मागे एका दुकानात बसून यादी केली तर एक काउंटर बंद होऊन दीड वर्ष झालेलं, मशीनवर फडकं टाकून ठेवलेलं आणि त्याचं लायसन्स मात्र गपचूप रिन्यू होतंय, कारण काउंटर बंद करणारा वेगळा, बिलं भरणारा वेगळा आणि एकमेकांना सांगायचं राहूनच गेलं. नोकरी सोडून गेलेल्या तिघांचे लॉगिनही चालूच, त्यांचेही पैसे जातायत.

वेळेचा खर्च तर कोणी धरतच नाही. थर्मल लेबलला शाई नसते, कागदच उष्णतेने काळा होतो, त्यामुळे उन्हात राहिलं की लेबल खराब होतं, मग स्कॅनर घेत नाही, मग कॅशियर बारकोडचे १३ आकडे हाताने टाकतो, एक चुकला की परत पहिल्यापासून (शेवटचा आकडा आधीच्या १२ वरून काढलेला असतो म्हणून चूक पकडली तरी जाते) आणि मागे लाईन वाढतेय. यावर मालकांचा प्रश्न काय, तर नवीन भारीतला स्कॅनर घेऊ का! अहो, लेबलं बदला.

आणि ते विंडोज १० चं. सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरंय, पण म्हणून सगळी मशीन भंगारात काढा म्हणणाऱ्यांचं लगेच ऐकू नका. काही बिलिंग मशीनवर आयओटी एंटरप्राइज एलटीएससी २०२१ असतं, म्हणजे विंडोज १० चंच जास्त वर्षं अपडेट मिळणारं व्हर्जन, त्याला जानेवारी २०३२ पर्यंत अपडेट आहेत. आधी सेटिंगमध्ये जाऊन कुठलं व्हर्जन आहे ते तरी बघा, दोन मिनिटांचं काम आहे. बिलिंग ब्राउझरवर चालत असेल तर जुन्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकटातली सिस्टीमही चालते, फक्त प्रिंटर आणि कॅश ड्रॉवर आधी एकाच मशीनवर लावून बघा, माझं घोडं दरवेळी तिथेच अडलंय.

एका गोष्टीत मात्र मी काटकसर करू देत नाही, नेट गेल्यावर चालणारं बिलिंग. त्याच दुकानात नेटची वायर काढून एक बिल करा म्हटलं, तर स्क्रीनवर गोल गोल फिरत बसलं. मग लायसन्सचे वाचलेले पैसे तिकडे लावले, आणि ते फडक्याखालचं मशीन पुसून स्पेअर म्हणून ठेवलंय.