रांगेतून बाहेर पडताना: न्यू जर्सीहून पुण्याला परतण्याचा माझा अनुभव

आमच्या गॅरेजमध्ये खोकी होती. टीव्हीचं, व्हॅक्यूम क्लीनरचं, लेकीच्या कार सीटचं, अगदी इस्त्रीचंसुद्धा. वस्तू घरात आली की तिचं मूळ खोकं आतल्या थर्माकोलसकट जपून ठेवायचं, हा आमचा नियम. उद्या अचानक गाशा गुंडाळावा लागला तर सामान बांधायला सोपं पडेल म्हणून. बारा वर्षं आम्ही न्यू जर्सीत भाड्याच्या घरांत राहिलो आणि बारा वर्षं ही खोकी वाढत गेली. घर घेतलं नाही. पियानो घ्यायची लेकीची इच्छा होती, तेही पुढे ढकललं. प्रत्येक गोष्टीला एकच उत्तर असायचं, ‘एकदा ग्रीन कार्डचं काय ते कळू दे.’ ग्रीन कार्ड म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याचा परवाना.

मी 2011 साली नवऱ्याच्या एच-1बीच्या, म्हणजे नोकरीच्या व्हिसाच्या आधाराने, जोडीदाराला मिळणाऱ्या एच-4 व्हिसावर गेले. तेव्हा एच-4 वर नोकरीची परवानगीच नव्हती. मे 2015 मध्ये नियम बदलला आणि ज्यांच्या जोडीदाराचा आय-140, म्हणजे ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर झालाय त्यांना कामाचा परवाना, म्हणजे ईएडी, मिळू लागला. आमचा आय-140 मंजूर झाला, प्रायॉरिटी डेट पडली मार्च 2015. दुसऱ्या वर्षी माझं ईएडी आलं आणि पाच वर्षांनी मी पुन्हा ऑफिसची पायरी चढले. पुढे एकदा नूतनीकरणाचं कार्ड वेळेत आलं नाही, तेव्हा चार महिने बिनपगारी घरी बसले. माझं काम चांगलं आहे की वाईट, याचा त्यात कुठेच संबंध नव्हता.

प्रायॉरिटी डेट म्हणजे रांगेतला नंबर. नोकरीच्या आधारे अमेरिका वर्षाला साधारण 1,40,000 ग्रीन कार्डं देते आणि एका देशात जन्मलेल्यांना त्यातली 7 टक्क्यांपर्यंतच मिळतात. देश लहान असो वा मोठा, टक्का तोच. हिशेब केला तर आमच्या ईबी-2, म्हणजे उच्चशिक्षितांच्या गटात भारतात जन्मलेल्यांना हक्काची सुमारे 2,800 येतात, आणि अर्जदाराची बायकोमुलंही त्याच आकड्यात धरली जातात. इतर देशांकडून उरली तर वरची. आय-140 मंजूर असला की एच-1बी तीन-तीन वर्षांनी वाढवून मिळत राहतो, त्यामुळे कुणी तुम्हाला जा म्हणत नाही. तुम्ही राहत राहता.

दर महिन्याला व्हिसा बुलेटिन निघतं. त्यात कुठल्या तारखेपर्यंतचे नंबर लागलेत ते छापलेलं असतं. कोविडमुळे कुटुंबाच्या कोट्यातली बरीच कार्डं वापरली गेली नव्हती, ती नोकरीच्या कोट्यात आली आणि 2021-22 मध्ये तारखा धावत सुटल्या. ऑगस्ट 2022 मध्ये ईबी-2 भारत 1 डिसेंबर 2014 वर आलं. आमच्या मार्च 2015 पासून जेमतेम तीन महिने दूर! नवऱ्याने शेवटच्या अर्जाला लागणाऱ्या वैद्यकीय तपासणीच्या डॉक्टरांची यादी काढली, मी जन्मदाखल्यांच्या प्रती काढून ठेवल्या. सप्टेंबरात तारीख हलली नाही. आणि ऑक्टोबरच्या बुलेटिनमध्ये ती 1 एप्रिल 2012 वर गेली. पुढे नव्हे, मागे. डिसेंबरात आणखी मागे, 8 ऑक्टोबर 2011 वर. त्या रात्री नवरा लॅपटॉप मिटवून बराच वेळ ओट्यापाशी नुसता उभा होता. जेवण झालेलं होतं, भांडी आवरलेली होती, करण्यासारखं काही नव्हतं.

पण माझं मन त्याच्या दीड वर्ष आधीच तुटलं होतं, हे मला लिहायलाच हवं.

एप्रिल 2021 मध्ये साताऱ्याला बाबांच्या छातीत दुखू लागलं. पुण्यात आणून अँजिओग्राफी केली आणि बायपास ठरली. माझ्या पासपोर्टवरच्या व्हिसाचा शिक्का संपलेला होता. अमेरिकेत राहायला तो लागत नाही, पण बाहेर पडून परत शिरायचं तर नवा घ्यावा लागतो, आणि कोविडमुळे भारतात त्यासाठीच्या नेहमीच्या मुलाखती बंद पडल्या होत्या. गेले असते तर सात वर्षांच्या लेकीपासून किती महिने लांब राहावं लागलं असतं, ते कुणीच सांगू शकत नव्हतं. मला भाऊबहीण नाही. ऑपरेशनच्या दिवशी बाबांचे एसटीतले दोन जुने सहकारी मास्क लावून दवाखान्याबाहेर बाकावर सकाळपासून बसले होते. त्यांच्यापैकी एका काकांनी फोटो पाठवला, ‘काळजी करू नकोस, आम्ही आहोत’ असं खाली लिहून. बाबा बरे झाले. नंतर फोनवर म्हणाले, ‘अगं, तू आली असतीस तरी बाहेर बाकावरच बसली असतीस ना?’ ते माझी समजूत घालत होते. मला त्या बाकावरच बसायचं होतं.

तरीही निर्णय लगेच झाला नाही. नवऱ्याने एक्सेल शीट केली होती: पगार, बचत, शाळा, आरोग्य विमा, आईबाबा, प्रत्येकाला गुण. ती दर वेळी अमेरिकेच्याच बाजूने झुकायची, कारण पैशांना आकडा लावता येतो आणि दवाखान्याबाहेरच्या बाकाला लावता येत नाही. मग एकदा वकिलाने सहज सांगितलं, की तुमची लेक जन्माने अमेरिकी नागरिक आहे, ती 2035 मध्ये 21 वर्षांची होईल तेव्हा आईवडिलांसाठी अर्ज करू शकेल, आणि कदाचित तोच रस्ता आधी उघडेल. आम्ही गाडीत बसलो आणि नवरा म्हणाला, ‘म्हणजे अजून बारा वर्षं खोकी ठेवायची?’ गाडी सुरू करण्याआधीच आमचं ठरलं.

तिथेच राहिलेले आमचे मित्र चुकले, असं मी म्हणणार नाही. त्यांच्यातल्या काहींनी घरं घेतली, झाडं लावली, ते मनाने तिथले झाले. तसं आम्हाला जमलं असतं तर आम्हीही राहिलो असतो.

जानेवारी 2023 मध्ये मे अखेरची तिकिटं काढली. ‘दोन-तीन वर्षांत जाऊ’ असं आम्ही आठ वर्षं म्हणत होतो; तिकीट हातात आल्यावरच कामं हलली. पहिलं काम ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे अमेरिकी पासपोर्ट असलेल्या मुलाला इथे निर्वेध राहायचं तर ओसीआय कार्ड लागतं. ते निघण्याआधीच करून घेतलं. एक गोष्ट मात्र पालकांनी आधीच समजून घ्यावी: मार्च 2021 च्या अधिसूचनेनुसार नीट, जेईईसारख्या प्रवेशपरीक्षांत त्यानंतर ओसीआय कार्ड मिळालेल्या मुलांना अनिवासी भारतीयांच्या किंवा जादा (सुपरन्यूमररी) जागांसाठीच पात्र धरतात. लेक पुण्यातच वाढली तरी. हे वाचल्यावर मी दोन दिवस अस्वस्थ होते. ती आत्ता नऊ वर्षांची आहे, असं म्हणून तो प्रश्न उघड्या डोळ्यांनी पुढे ठेवला.

कराचं गणित जाणत्या सीएकडून समजून घेतलं. दीर्घकाळ बाहेर राहून परतलेल्याला काही काळ आरएनओआर (निवासी, पण सर्वसाधारण निवासी नाही) हा दर्जा मिळतो आणि तोवर परदेशातल्या उत्पन्नावर इथे साधारणपणे कर लागत नाही. आर्थिक वर्षात भारतातले 182 दिवस भरणार नाहीत अशा बेताने, म्हणजे ऑक्टोबरनंतर परतलो असतो, तर ते वर्ष अनिवासी म्हणून गेलं असतं आणि सवलत एक वर्ष पुढे सरकली असती. पण शाळा जूनमध्ये सुरू होते. करासाठी पोरीला वर्षाच्या मध्यात अनोळखी वर्गात बसवणं मला पटेना, म्हणून मे. नवऱ्याचं 401(के), म्हणजे निवृत्तीसाठीच्या बचतीचं खातं, तिथेच राहू दिलं, कारण वयाच्या साडेएकोणसाठच्या आत पैसे काढले तर बहुतेक वेळा कर लागतोच, शिवाय काढलेल्या रकमेवर 10 टक्के दंड बसतो. अनिवासींसाठीची एनआरई खाती निवासी करून घेतली आणि डॉलर ठेवायला आरएफसी खातं उघडलं. मार्च 2015 ही तारीखही गेलेली नाही. मंजूर आय-140 ची प्रायॉरिटी डेट देश सोडल्याने रद्द होत नाही; पुन्हा कुठल्या कंपनीने अर्ज केला तर तोच नंबर चालतो. हे कळल्यावर नवऱ्याच्या मनावरचा भार एकदम उतरला.

लेकीचं मात्र सोपं गेलं नाही. ती मराठी बोलायची, पण वाचता-लिहिता येत नव्हतं. महाराष्ट्रात 2020 च्या कायद्याने सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. पहिली आणि सहावीपासून सुरुवात करून ती दर वर्षी एकेक इयत्ता वर सरकत गेली, म्हणजे 2023-24 ला नेमकी चौथीत पोचली. आमची चौथीतच. पहिल्या महिन्यात शुद्धलेखनाची वही आली ती लाल शाईने भरलेली. ‘केळे’चं ‘केले’, ‘डोळा’चं ‘डोला’. ‘आई, मला ऐकूच येत नाही वेगळं,’ म्हणून रडली. मग बाबा दर रविवारी सकाळच्या एसटीने साताऱ्याहून यायला लागले. बाल्कनीत तिला समोर बसवायचे, स्वतःचं तोंड उघडून जीभ टाळूला मागे कुठे वळते ते दाखवायचे, आणि ती त्यांच्या तोंडात डोकावून बघायची. बायपासची उभी खूण सदऱ्याच्या गळ्यातून दिसायची. मी दारात उभी राहून दोघांकडे बघत राहायचे. दिवाळीच्या सुट्टीत एका सकाळी ती एकदम ‘बाळासाहेब’ म्हणाली, स्वच्छ, आणि बाबांनी टाळी वाजवली.

पुण्याबद्दल तक्रारी आहेत. नवऱ्याचे रोजचे दोन तास रस्त्यावर जातात, मला नोकरी मिळायला सात महिने लागले, लेक अजूनही तिथल्या वाचनालयाची आठवण काढते आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

सामान ऑगस्टमध्ये न्हावा शेव्याला आलं. दोन वर्षांहून जास्त बाहेर राहिलेल्यांना वापरलेल्या घरगुती सामानावर ठरावीक मर्यादेपर्यंत सीमाशुल्कात सवलत मिळते. त्यासाठी मूळ पासपोर्ट आणि वस्तूंची यादी घेऊन गेलो. 110 व्होल्टवर चालणारी उपकरणं तिथेच देऊन टाकली होती, बाकी सगळं आपापल्या मूळ खोक्यांतून आलं. दोन दिवस उघडत बसलो. तिसऱ्या दिवशी रद्दीवाले काका आले. टीव्हीच्या खोक्याच्या कडा मी चिकटपट्टीने दोनदा जोडलेल्या होत्या. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, आणि काकांनी ते पायाखाली दाबून चपटं केलं, तराजूवर ठेवलं.