पैठणीला लेबल कुठं असतं?

पैठणीच्या कुठल्या कोपऱ्यात ब्रँडचं लेबल शिवलेलं असतं हे कुणाला ठाऊक असेल तर मला जरूर कळवा. मी लहानपणापासून पैठण्या बघत आलेय, मला काही ते सापडलं नाही. आणि ते सापडलं नाही म्हणून माझे ७,२०० रुपये अकरा दिवस नुसते लटकून राहिले.

झालं असं की भाच्याची मुंज होती. नवी हातमागाची पैठणी परवडण्यातली नव्हती. जुने कपडे विकण्या-घेण्याचं एक ॲप आहे, नाव घेत नाही, त्यावर एक जांभळी पैठणी दिसली. बांगडी मोराचा पदर, नारळी काठ. खाली लिहिलेलं, ‘येवला हातमाग, शुद्ध रेशीम, एकदाच नेसलेली’. येवल्याच्या नावाला मी भुलले, कबूल करते. ७,२०० साडीचे आणि वर १४९ रुपये ‘ग्राहक सुरक्षा शुल्क’. या १४९वर मी पुन्हा येणार आहे.

पार्सल आलं गुरुवारी. मी उघडलं, रंग बघितला, खूश झाले. सासूबाई सोफ्यावर शेंगा सोलत होत्या. त्यांनी हात पुसले, पदर हातात घेतला आणि पहिल्यांदा काय केलं, तर तो उलटा केला.

“अगं, ही बघ. मागून दाढी वाढलीय हिला.”

खरंच वाढली होती. एका मोराकडून दुसऱ्या मोराकडं गेलेले दोरे मागं मोकळे लोंबत होते, काही मध्येच कातरलेले. रात्री मी पदराच्या टोकाचा एक सुटा दोरा काडीवर धरला. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरडली जाते. हा दोरा वितळला, आणि टोकाला काळा कडक मणी धरला. प्लॅस्टिकचा वास घरभर.

इथंच एक सांगून ठेवते, नंतर विसरेन. दोरा जाळायचा तर आपल्या समाधानासाठी जाळा, पण ते ॲपच्या चॅटमध्ये लिहू नका. मी मोठ्या हुशारीनं लिहिलं, तर उत्तर आलं की वस्तूत फेरफार केलेला असल्यास परतावा मिळत नाही. एका दोऱ्याचा फेरफार!

या ॲपवर पैसे लगेच विक्रेत्याला जात नाहीत. पार्सल मिळाल्यापासून ७२ तास ते ॲपकडं राहतात. तेवढ्यात आपण ‘सगळं ठीक’ दाबलं, किंवा काहीच दाबलं नाही, तर पैसे गेले. मी शुक्रवारी सकाळीच तक्रारीचं बटण दाबलं. कारण निवडलं, ‘वर्णनाप्रमाणे नाही’. आणि मग तो फॉर्म उघडला.

फॉर्ममध्ये फोटोंचे चार रकाने. समोरून, मागून, दोष जवळून, आणि ‘ब्रँड लेबल स्पष्ट दिसेल असा’. चौथ्यावर लाल चांदणी. तो भरल्याशिवाय ‘पुढे’चं बटण करडंच राहतं.

मी काठाचा फोटो टाकला. दुसऱ्या दिवशी तक्रार बंद. ‘लेबल दिसत नाही.’ पुन्हा उघडली. या वेळी एका कागदावर मोठ्या अक्षरांत ‘साडीला लेबल नसते’ असं लिहिलं, तो कागद पदरावर ठेवला आणि फोटो काढला. तीन तासांत बंद. ‘लेबल अस्पष्ट आहे, कृपया पुरेशा उजेडात फोटो काढावा.’ म्हणजे माझं अक्षर वाईट असं म्हणायचं होतं की काय, कोण जाणे. चॅटवर गेले. दर वेळी नवा माणूस, नवा नमस्कार, आणि गैरसोयीबद्दल तीच दिलगिरी. मी पहिल्यापासून सगळं सांगायचं, त्यानं ‘मी तुमची अडचण समजू शकतो’ म्हणायचं, आणि शेवटी लेबलचा फोटो मागायचा. एकीला मी विचारलं, “ताई, तुम्ही साडी नेसता का?” चॅट बंद झालं.

भाचा म्हणाला, “मावशी, तुझ्या कुठल्यातरी कुर्त्याच्या लेबलचा टाक ना फोटो.” (मुंज त्याच्याच धाकट्या भावाची.) मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण टाकला नाही, आणि तुम्हीही टाकू नका. आपली बाजू खरी असताना एक खोटा फोटो आत गेला की पुढं सगळंच त्यावर घसरतं.

या अकरा दिवसांत तक्रार पाच वेळा उघडली आणि पाच वेळा बंद झाली. मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून फोनवर बोटं घासत बसायचे. नवरा म्हणाला, “सोड ना, सात हजारांसाठी रक्त आटवतेस.” सात हजार त्याचे असते तर बघितलं असतं. ७२ तासांचं काय झालं, असं मीही घाबरून विचारलं. तक्रार एकदा नोंदली की पैसे थांबतात, बंद झाल्यावर २४ तासांत पुन्हा उघडली तरी थांबलेलेच राहतात, असं कळलं. म्हणून मी रोज रात्री झोपायच्या आधी बघायचे, दात घासतात तसं.

मधल्या काळात विक्रेतीचा मेसेज आला. ‘दीदी, ॲपवर कम्प्लेंट काढून टाका, मी तीन हजार जीपे करते, साडी ठेवा तुम्ही.’ हे बहुतेक सगळ्यांना येत असणार. ॲपच्या बाहेर एक रुपयाचाही व्यवहार करू नका. तक्रार काढली की आपल्या हातात काही उरत नाही, आणि तीन हजार येतील याची हमी कुणाची? मी उत्तर दिलं नाही, फक्त स्क्रीनशॉट काढला.

स्क्रीनशॉटवरून आठवलं. जाहिरातीचा स्क्रीनशॉट ऑर्डर करतानाच काढून ठेवावा, मी काढला नव्हता. तक्रार केल्यावर विक्रेतीनं वर्णन बदललं. ‘हातमाग’ गेलं, ‘शुद्ध रेशीम’चं ‘सिल्क फिनिश’ झालं. मी डोक्याला हात लावला. पण घेण्याआधी मी ती लिंक नणंदेला पाठवली होती, ‘कशी वाटते’ म्हणून. व्हॉट्सॲपवर लिंकखाली जो छोटा चौकोन येतो ना, त्यात जुनं शीर्षक तसंच्या तसं राहिलं होतं, तारखेसकट. नणंदेनं उत्तर दिलं होतं ‘स्वस्त आहे, बघ हं’. तेही पुराव्यात गेलं.

शेवटी मी दोन गोष्टी केल्या, ज्या पहिल्या दिवशीच करायला हव्या होत्या.

एक, स्टेशनजवळ मूळ येवल्याचे एक पैठणीवाले आहेत, त्यांच्याकडं साडी नेली. त्यांनी ती काउंटरवर पसरली, मोबाइलचा टॉर्च खालून धरला आणि म्हणाले, “ताई, हातमागाच्या पैठणीच्या पदराला मागची बाजू नसतेच. दोन्ही बाजू पुढच्याच.” विणकर प्रत्येक रंगाचा दोरा त्याच्या जागेपुरता हातानं भरतो आणि शेजारच्या रंगात गुंतवतो, म्हणून मागं काही लोंबत नाही. यंत्रमागावर दोरा सबंध रुंदीभर जातो, नको तिथं मागं मोकळा सुटतो आणि मग कातरतात. त्यांनी दुकानाच्या लेटरहेडवर चार ओळी लिहून शिक्का मारून दिला. पैसे घेतले नाहीत, चहा पाजला.

दोन, ॲपमध्ये नाही पण त्यांच्या वेबसाइटच्या पार तळाशी, बारीक अक्षरांत, तक्रार निवारण अधिकाऱ्याचा ईमेल असतो. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तो द्यावाच लागतो. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात, असंही त्यात आहे. मी सगळं एका मेलमध्ये घातलं: व्हॉट्सॲपचा चौकोन, पदराच्या दोन्ही बाजू, पैठणीवाल्यांची चिठ्ठी, आणि पाच वेळा ‘लेबल’ मागितल्याचे पाच स्क्रीनशॉट.

पोच वेळेत आली. उत्तर मात्र आलं ते असं की विक्रेती ही खासगी व्यक्ती असल्यानं नियम लागू होत नाहीत.

यात अर्धं खरं आहे, आणि हे अर्धंच आपल्याला गप्प करतं. आपल्या कपाटातली एखादी साडी स्वतःपुरती विकणाऱ्या माणसाला हे नियम खरंच लागू नाहीत. धंदा म्हणून, नियमितपणे विकणाऱ्याला आहेत, आणि मग वस्तू जाहिरातीत सांगितल्यासारखी नसेल तर परत घ्यायला किंवा पैसे द्यायला त्याला नकार देता येत नाही. शिवाय मधलं ॲप तर काही खासगी व्यक्ती नव्हे. मी विक्रेतीचं पान उघडून मोजलं. ४३ पैठण्या. सगळ्या एकाच पोपटी पडद्यासमोर, आणि सगळ्या ‘एकदाच नेसलेल्या’. एका बाईनं ४३ मुंजी केल्या असतील तर गोष्ट वेगळी. त्या पानाचे स्क्रीनशॉट, पडदा दिसेल असे, परत पाठवले.

त्याच दुपारी १९१५ला फोन केला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठी निवडता येतं, हे मला माहीत नव्हतं आणि आधी माहीत असतं तर अकरा दिवस वाचले असते. पलीकडच्या मुलीनं शांतपणे सगळं लिहून घेतलं आणि नोंदणी क्रमांक दिला. “लेबल?” एवढंच तिनं एकदा विचारलं, आणि हसली. त्या हसण्यानं मला जितकं बरं वाटलं तितकं पुढं पैसे येऊनही वाटलं नाही. हेल्पलाइन कंपनीला हुकूम देऊ शकत नाही, फक्त तक्रार पोचवून पाठपुरावा करते. तिथं नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. तिथं ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आपण राहतो त्याच जिल्ह्यात दाखल करता येतं, आणि मुदत दोन वर्षांची असते. मी मेलच्या शेवटी हे लिहूनच टाकलं होतं. धमकी म्हणून नाही. म्हणजे, थोडी धमकी म्हणूनच.

हेल्पलाइनला फोन केल्यापासून सहाव्या दिवशी कंपनीतून फोन आला, चक्क माणसाचा. परतावा मंजूर.

साडी न्यायला पोऱ्या आला तेव्हा पिशवीत भरण्यापासून चिकटपट्टी लावेपर्यंत व्हिडिओ काढला. पार्सल उघडतानाही काढायचा असतो, तो मात्र मी काढला नव्हता. पिकअपचा ओटीपी वस्तू त्याच्या हातात दिल्यावरच सांगा. पहिल्या दिवशीचा पोऱ्या खालूनच फोन करून ओटीपी मागत होता. आणि मी पैसे युपीआयनं भरले होते. क्रेडिट कार्डानं भरले असते तर बँकेकडं चार्जबॅक, म्हणजे कार्डावरून गेलेले पैसे परत फिरवून, मागायची आणखी एक वाट उरली असती. पुढच्या वेळी तसंच.

पैसे आले ते ॲपच्या वॉलेटमध्ये. म्हणजे त्याच ॲपवर आणखी जुने कपडे घ्या! पुन्हा मेल, हेल्पलाइनच्या त्याच क्रमांकावर पुन्हा पाठपुरावा, आणि चार दिवसांनी ७,२०० बँकेत जमा झाले.

१४९ आले नाहीत. सुरक्षा शुल्क परत मिळत नाही, कारण सुरक्षा ‘पुरवण्यात आली’ असं त्यांचं म्हणणं. मी काल तिसरा मेल टाकलाय. नवऱ्याला सांगितलेलं नाही.