पातळ भाजी, दोन पाव

परवा एका सरकारी कामासाठी पणजीला गेले होते. काम अर्थातच झालं नाही. आधी जेवणाची सुट्टी, मग साहेब जाग्यावर नाहीत, मग उद्या या. साडेतीन वाजले होते आणि अर्धी पणजी शटर ओढून वामकुक्षी घेत होती. बसस्टँडच्या वाटेवर जे पहिलं हॉटेल उघडं दिसलं त्यात शिरले, पातळ भाजी आणि दोन पाव सांगितले आणि टेबलावर कुणीतरी टाकून गेलेला पेपर ओढला.

तेवढ्यात एक आजोबा आले. "हांगा कोण आसा?" मी मान हलवली. ते समोर बसले आणि न विचारता पेपरची आतली पानं काढून घेतली. पहिलं पान माझ्याकडे ठेवलं, हा त्यांचा मोठेपणा. निधनवार्ता वाचून झाल्यावर चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "मिरची सांगूं नाका. थंड जाल्या." मिरची म्हणजे मिरचीची भजी. त्यानंतर एक अक्षर नाही. चहा संपवून गेले, पानं घडी करून माझ्या बाजूला सारून.

मला ते फार आवडलं. अनोळखी माणसाबरोबर एका टेबलावर खाण्याची आपल्याकडे एक रीत आहे, ती कुणी शिकवत नाही. नाव विचारायचं नाही. दुसऱ्याच्या ताटलीत बघायचं नाही, बघतात सगळेच, आणि वेटरला हळूच सांगतात, "तशें एक." पेपर सगळ्यांचा. दैनिक गोमन्तक 1962 साली सुरू झाला, आणि माझी खात्री आहे, पहिल्या आठवड्यातच त्याची आतली पानं कुठल्यातरी कॅफेत सुटी झाली असणार. बिलाचंही तसंच. आपण हात धुऊन येईपर्यंत वेटर तिथूनच आकडा ओरडतो आणि गल्ल्यावरच्या माणसाला त्या सगळ्या कालव्यात तो नेमका ऐकू जातो.

भाजीबद्दल माझे काही हट्ट आहेत. पातळ म्हणजे पातळ. पांढऱ्या वाटाण्याची, खोबऱ्याच्या वाटपाची, कडेला तेलाची बारीक तांबूस रेघ आलेली. सुक्या बटाट्याच्या भाजीशी माझं भांडण नाही, पण 'मिक्स' मागणारी माणसं मला पटत नाहीत. एकत्र केलं की रसाचा रसपणा जातो आणि बटाटाही धड राहत नाही. मुंबईचे पाहुणे तर लोण्यात परतलेलं लालभडक काहीतरी येईल म्हणून बसलेले असतात आणि पुढ्यात येते ही वाटी. त्यांची समजूत घालायला वेटरला वेळ नसतो. वेटर ओळखीचा असेल तर भाजी संपत आल्यावर "मात्सो रोस घाल" म्हणायचं, तो पळीभर रस फुकट ओततो. आणि शेवटचा अर्धा पाव चहासाठी राखायचा. बोटांना लागलेला भाजीचा तिखट वास चहात बुडवलेल्या पावाला येतो, तो मला केकपेक्षा प्रिय आहे. घरी कुणाला हे सांगत नाही.

हे सगळं मी बाबांकडून उचललं. 1986 च्या पावसाळ्यात मांडवीवरचा पूल कोसळला आणि आम्ही बार्देशची, म्हणजे नदीपलीकडची, माणसं पुन्हा बेतीच्या फेरीबोटीवर आलो. मोठ्यांचे हाल झाले, आम्हा मुलांची चंगळ. सुट्टीत बाबा मला ऑफिसला नेत. फेरीबोटीची ती लोखंडी फळी खडखडत धक्क्यावर पडली की माणसं, सायकली, मासळीच्या पाट्या एकदमच बाहेर पडत, आणि बाबा माझा हात धरून थेट कॅफे गाठत. ऑफिस नंतर. मी त्यांच्या बाजूला, समोर दोन अनोळखी बाप्ये. कुणीतरी माझ्याकडे पेल्यातलं पाणी सरकवी. बाबा बशीत चहा ओतून फुंकत आणि बशी माझ्या पुढ्यात ठेवत. पाय खाली टेकत नसत, पण मी त्या टेबलावरची पूर्ण वाटेकरी होते.

आईबरोबर गेलं की मात्र आत. आत म्हणजे फॅमिली रूम. प्लायवूडची आडभिंत, वर अर्धा हात मोकळी जागा, दाराला पडदा. पडदा जिथे धरून बाजूला करायचा तिथे तेलकट हातांचा एक काळपट पट्टा उमटलेला असे. पंख्याचा वारा बाहेरच राहायचा. वेटर खोकून आत यायचा, आणि बऱ्याचदा आम्ही आत आहोत हेच विसरायचा. चतुर्थीच्या बाजाराच्या पिशव्या पायाशी घेऊन आई बसून राही. हाक मारायची तिला पंचाईत आणि मी मारली की "हळू बोल." भाजी तीच, रांधणाराही तोच. पण आतवर येईपर्यंत ती निवलेली असे.

मग एकदा, सातवी-आठवीत असेन, बाबांबरोबर गेले होते. नेहमीचं टेबल रिकामं होतं. बाबा क्षणभर थांबले आणि पडद्याकडे वळले. त्यांनी कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आत बसून आम्ही मुकाट्याने खाल्लं. बाबांनी बशी पुढे केली, ती मला एकदम लहान मुलांची वाटली.

आता पडदे गेले. त्याच प्लायवूडला काच लागली आणि फॅमिली रूमची एसी रूम झाली. तिथे त्याच भाजीला जास्त पैसे पडतात. मी बाहेरच बसते. पणजीतलं कॅफे टॅटो असो, कॅफे भोसले असो, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातली एखादी कळकट खोली असो, मला गर्दीतली खुर्ची हवी. कॅफे सेंट्रल 1932 पासूनचं आहे, तिथे मशरूमचा समोसा मी रस्त्यावर उभ्याने खाते. एवढी हिंमत आली. रात्रीच्या गाड्यापुढे मात्र ती थोडी ढेपाळते. रोस ऑम्लेटच्या गाड्याला बाप्यांचा असा काही वेढा पडलेला असतो की मी स्कूटरवर बसूनच ताटली मागवते. पातळसर ऑम्लेट, वर शाकुतीच्या, म्हणजे कोंबडीच्या मसालेदार, रश्श्याचा भरघोस डाव, कच्चा कांदा, लिंबाची फोड. गर्दी वाढली की गाडेवाला रश्शात पाणी वाढवतो, हे जाणून लवकर जावं. आणि सोमवार टाळावा, निदान माझ्यासारख्यांनी. सोमवारी आम्ही शिवराक, म्हणजे शाकाहारी.

आसगावातल्या नव्या कॅफेंना नावं ठेवायचा मोह होतो, पण कॉफी खरंच छान करतात. फक्त तिथे समोरच्या खुर्चीत माझी पर्स बसते.

बाबा आता नाहीत. आईला गेल्या महिन्यात म्हटलं, चल, पणजीला जाऊ, भाजी खाऊ, आता फॅमिली रूम नसते, बायका बाहेरच बसतात. ती म्हणाली, "पडदो काडला? मागीर हांव येवची ना." पडदा नाही, तर ती येणार नाही. भाजी मात्र तिला हवी होती. "पार्सल आण. पाव आणू नको, आपला पोदेर येतो." दोरा बांधलेली पिशवी घेऊन मी संध्याकाळी घरी पोचले तोवर सायकलचा भोंगा वाजवत पोदेर, म्हणजे पाववाला, येऊन गेला होता आणि तिने पोळ्या, म्हणजे त्याचे कोंड्याचे पाव, घेऊन ठेवल्या होत्या. भाजी गरम केली, सगळ्यांना वाढली आणि स्वतःची वाटी घेऊन आत स्वयंपाकघरात गेली.

मला आधी हसू आलं. मग आठवायला लागले, आई आमच्याबरोबर पानावर बसून जेवलेली मी कधी पाहिली होती. बाबांचं आठवतं, भावाचं आठवतं, वाढणारा हात आठवतो. भावाला फोन करून विचारलं. तो म्हणाला, चतुर्थीला बसत असेल. त्यालाही नक्की सांगता येईना.