आकडा पळवायचाय? ट्वीन.जेएस बास आहे

एका मित्राच्या ट्रस्टच्या साइटवर देणगीचा आकडा शून्यापासून पळत पळत वर जाताना दाखवायचा होता, काम एवढंच, म्हणून ट्वीन.जेएस ही छोटी जावास्क्रिप्ट लायब्ररी (तयार कोड) घेतली. जीसॅप (ॲनिमेशनची मोठी लायब्ररी) पण चाललं असतं, पण एका आकड्यासाठी ते जरा जास्तच झालं असतं.

हिचं मला काय आवडतं तर हिला स्क्रीनशी काही देणंघेणंच नाही. डिव्ह (पानावरचा चौकोन) माहीत नाही, सीएसएस (पानाची सजावट) माहीत नाही. एक साधं ऑब्जेक्ट (नावाखाली व्हॅल्यू ठेवणारी डबी) द्यायचं, त्यात रक्कम शून्य, आणि सांगायचं की २ सेकंदांत ही १,००,००० वर ने. दर फ्रेमला, म्हणजे स्क्रीन नव्याने रंगते तेव्हा, मधली व्हॅल्यू ती त्या ऑब्जेक्टमधे लिहीत जाते, पुढे तिचं काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा. मी टेक्स्ट बदलतो, कोणी थ्री.जेएसचा (ब्राउझरमधल्या थ्रीडीची लायब्ररी) कॅमेरा फिरवतं, कोणी गाण्याचा आवाज हळूहळू कमी करतं.

आता कोणीतरी म्हणणारच की यासाठी लायब्ररी कशाला, दर फ्रेमला थोडे थोडे मिळवत जा की. जा, पण मग ६० हर्ट्झच्या (सेकंदाला ६० फ्रेम) स्क्रीनवर २ सेकंद चालणारा आकडा १२० हर्ट्झच्या फोनवर एका सेकंदात संपतो. ट्वीन फ्रेम मोजत नाही, किती वेळ गेला ते बघते. फक्त रिक्वेस्ट ॲनिमेशन फ्रेमचा (ब्राउझर फ्रेम रंगवण्याआधी आपलं फंक्शन बोलावतो तो) लूप आपण चालवायचा आणि त्यात अपडेट कॉल करायचं, ते राहिलं तर काही हलत नाही आणि एररही येत नाही, बसा शोधत.

खरी मजा इझिंगमधे, म्हणजे वेग कधी वाढवायचा, कधी कमी करायचा त्यात. ही सूत्रं रॉबर्ट पेनरची, फ्लॅश या जुन्या ॲनिमेशन सॉफ्टवेअरच्या जमान्यातली, अजून बऱ्याच ठिकाणी तीच चालतात. क्युबिक आउट (सुरुवातीला जोरात, शेवटी हळू) लावलं की अर्ध्या वेळातच आकडा ८७,५०० वर पोचतो आणि उरलेले १२,५०० निवांत चढतात, त्यामुळे शेवटी शेवटी आकडा नीट वाचता येतो. इलॅस्टिक मात्र पैशांना लावू नका हं, तो लाखाच्या पुढे जाऊन परत खाली येतो, देणगी देणाऱ्याला वाटायचं कोणीतरी मधेच पैसे काढले :)

आकडा पळत असतानाच नवीन देणगी आली तर? जुनी ट्वीन (चालू असलेलं ॲनिमेशन) स्टॉप, त्याच ऑब्जेक्टवर नवीन स्टार्ट. चालू व्हॅल्यू तिथेच असल्यामुळे आकडा शून्यावर न जाता आहे तिथून पुढे निघतो.

दाखवताना राउंड करा, नाहीतर पॉइंटनंतर शेपूट येतं. आणि टू-लोकेल-स्ट्रिंगला (आकडा हव्या त्या भाषेच्या पद्धतीने लिहिणारं जावास्क्रिप्टचं फंक्शन) मराठी-भारत लोकेल दिलं की अंक देवनागरी आणि स्वल्पविराम लाखाच्या जागी, फुकटात. ज्यांनी फोनमधे मोशन कमी ठेवलंय त्यांच्यासाठी ट्वीन लावूच नका, सरळ शेवटचा आकडा छापा.