१० मेगाहर्ट्झचा वितरण ॲम्प्लिफायर: तिसऱ्या बोर्डाची नोंद
हा ॲम्प्लिफायर ओव्हनमधल्या क्रिस्टलचा १० मेगाहर्ट्झचा सिग्नल चार आउटपुटांवर वाटतो. आधीच्या दोन बोर्डांवर प्रत्येक आउटपुटला १० मेगाहर्ट्झवर ट्यून केलेला एलसी (कॉइल आणि कपॅसिटरचा) परिपथ होता. त्यामुळे हार्मोनिक्स (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतले सिग्नल) चांगले दबत असले, तरी दुपारी खोली तापली की चारही आउटपुटांची फेज सरकत असे. क्यू (ट्यूनिंग किती तीक्ष्ण आहे त्याचे माप) १० असलेल्या परिपथातला कपॅसिटर एका टक्क्याने बदलला, तर फेज सुमारे ०.१ रेडियनने, म्हणजे १.६ नॅनोसेकंदांनी, हलते. ओव्हनमध्ये जपलेल्या क्रिस्टलची स्थिरता शेवटच्या टप्प्यावर अशी गमावणे मला पटेना, म्हणून आता तेथे ट्रान्सफॉर्मर आणि कमी क्यूचा लो-पास फिल्टर आहे. ट्रान्सफॉर्मरचे टोरॉइड (कड्याच्या आकाराचे गाभे) मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळाले.

सर्वांत जास्त वेळ ट्रान्झिस्टरच्या टप्प्याने घेतला. कॅरियरपासून, म्हणजे मूळ १० मेगाहर्ट्झपासून, दूरच्या ऑफसेटवरच्या नॉइजची मला फारशी चिंता नाही, कारण ५० ओहमांत १ व्होल्ट आरएमएस, म्हणजे +१३ डीबीएम, इतका सिग्नल असताना उष्मीय नॉइजची फेजमधली मर्यादा −१९० डीबीसी (कॅरियरच्या तुलनेत डेसिबल) प्रति हर्ट्झच्या आसपास येते. अडचण आहे ती कॅरियरच्या अगदी जवळ, जेथे ट्रान्झिस्टरचा फ्लिकर नॉइज (कमी फ्रिक्वेन्सीकडे वाढत जाणारा नॉइज) कलेक्टर करंट आणि जंक्शन कपॅसिटन्स हलवून फेजमध्ये उतरतो. त्यावर मला सापडलेला सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे एमिटरमधला रेझिस्टर कपॅसिटरने बायपास न करणे. गेन कमी होतो, पण वितरणाला गेन हवा तरी किती?

प्रत्येक आउटपुटामागे कॉमन बेसचे (बेस सिग्नलपुरता ग्राउंड केलेल्या ट्रान्झिस्टरचे) दोन टप्पे एकापुढे एक लावले आहेत, म्हणजे एका आउटपुटाची केबल काढली किंवा शॉर्ट झाली तरी त्याचा परिणाम उलट दिशेने बाकीच्या तिघांपर्यंत पोहोचू नये.

सप्लायकडे मी सुरुवातीला दुर्लक्ष केले, हे चुकलेच. एलएम३१७ या व्होल्टेज रेग्युलेटरचा नॉइज आउटपुटच्या ०.००३ टक्के धरला, तरी १२ व्होल्टांवर तो ०.३६ मिलिव्होल्ट होतो, म्हणून त्यापुढे ट्रान्झिस्टर आणि मोठा कपॅसिटर वापरून कपॅसिटन्स मल्टिप्लायर बसवला. मेन्सच्या ५० हर्ट्झच्या साइडबँड (कॅरियरच्या दोन्ही बाजूंना उमटणारे नकोसे सिग्नल) मात्र त्यानेही गेल्या नाहीत, कारण त्या ग्राउंड लूपमधून (ग्राउंडच्या जोडण्यांनी बनलेल्या बंद वळशातून) येत होत्या. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीचे ग्राउंड चॅसिसपासून तोडून इन्सुलेटेड बीएनसी कनेक्टर लावल्यावरच त्या दिसेनाशा झाल्या.

सोल्डरिंगनंतर फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने नीट धुवावा, कारण पावसाळ्यातल्या मुंबईच्या हवेत उरलेला फ्लक्स ओलावा धरतो आणि बेसच्या बायसमध्ये गळती होते. पुढच्या आठवड्यात एक आउटपुट शॉर्ट करून उरलेल्या तिघांची फेज मोजणार आहे.