टायरवरचा बारीक आकडा आणि परतीचा अर्ज

माझ्या सायकलीच्या मागच्या टायरला कडेने चिरा पडून आतले धागे दिसू लागले, तेव्हा मी नवा टायर ऑनलाइन मागवला. निवड करणे, पैसे भरणे आणि टायर घरी येणे यांत कसलीच अडचण आली नाही. अडचण आली ती टायर चढवताना, कारण दोन्ही हातांनी कितीही जोर लावला तरी तो रिमवर बसेना. जुना टायरही २६ इंची होता आणि नवाही २६ इंचीच होता.

जुन्या टायरवर ‘२६ × १ ३/८’ असे लिहिले होते आणि नव्यावर ‘२६ × १.७५’. अपूर्णांकातला आणि दशांशातला हा फरक केवळ लिहिण्याच्या पद्धतीचा असावा, असे मी धरून चालले होते. वास्तविक ‘२६ इंची’ हे टायरच्या बाहेरच्या व्यासाचे ढोबळ नाव आहे आणि त्या एका नावाखाली वेगवेगळ्या मापांच्या रिम मोडतात. खरे माप टायरच्या बाजूवर उठावाच्या बारीक आकड्यांत असते. माझ्या जुन्या टायरवर ३७-५९० होते, म्हणजे रुंदी ३७ मिलिमीटर आणि रिमवर जिथे टायरची कड बसते तिथला व्यास ५९० मिलिमीटर. नव्यावर ४७-५५९ होते. व्यासात ३१ मिलिमीटरची तफावत असताना तो टायर चढणे शक्यच नव्हते.

इथपर्यंतची चूक माझी होती, हे मी मान्य करते. परंतु विक्रेत्याच्या पानावर केवळ ‘२६ इंची सायकलींसाठी’ एवढेच लिहिले होते. ५५९ हा आकडा तर नव्हताच, १.७५ सुद्धा कुठे नव्हते. परतीच्या अर्जात कारणांचे तीनच पर्याय होते: वस्तू सदोष आहे, चुकीची वस्तू आली, आणि आता वस्तू नको आहे. यांपैकी एकही माझे कारण नव्हते आणि स्वतःचे कारण लिहिण्यासाठी अर्जात जागाही नव्हती. मी ‘चुकीची वस्तू आली’ हा पर्याय निवडला. चार दिवसांनी उत्तर आले की मागणीप्रमाणे २६ इंची टायरच पाठवला आहे, म्हणून अर्ज नामंजूर. दुसरा अर्ज केला तेव्हा वेष्टनाचे छायाचित्र मागण्यात आले, आणि टायरभोवतीचा कागदी पट्टा मी पहिल्याच दिवशी फेकून दिला होता. (टायर एकदा रिमवर बसवून, हवा भरून पाहीपर्यंत तो पट्टा कोणीही टाकू नये.) मुदत मात्र टायर हाती आल्याच्या दिवसापासून मोजली जात होती, त्यामुळे त्यांनी उत्तराला लावलेले दिवसही माझ्याच खात्यातून वजा होत होते, आणि याचा मला आजही राग येतो.

शेवटी मी दोन्ही टायरचे आकडे शेजारी शेजारी ठेवून छायाचित्र काढले आणि एकच प्रश्न लिहून पाठवला: आपल्या पानावर ५५९ हा आकडा कुठे दिला आहे, ते कृपया दाखवावे. दुसऱ्याच दिवशी परतीला मंजुरी मिळाली. वाहतुकीचा खर्च त्यांनी कापून घेतला, तरी १९ दिवसांनी पैसे जमा झालेले पाहून मला फार हायसे वाटले. तक्रार लांबलचक लिहिण्यापेक्षा ज्याचे उत्तर टाळता येणार नाही असा एकच प्रश्न विचारावा, हे मला आधी सुचले असते तर निम्मे दिवस वाचले असते.

यानंतर मी जुना टायर घेऊन जवळच्या सायकल दुकानात गेले. दुकानदाराने मला माप विचारलेच नाही. त्यांनी टायर उजेडाकडे धरला, ५९० वाचले आणि दोन दिवसांनी यायला सांगितले, कारण त्या मापाचा टायर त्यांच्याकडे शिल्लक नव्हता. तो आला तेव्हा निवडीला वाव नव्हता, एकाच बनावटीचा होता आणि थोडा महागही पडला. पण बसवताना रिमच्या आतली पट्टी सरकून स्पोकची भोके उघडी पडल्याचे त्यांनीच दाखवले. ट्यूब वारंवार का पंक्चर होत होती, याचा उलगडा मला तेव्हा झाला.

म्हणून ज्या भागात दोष नेमका कुठे आहे हे हाताने चाचपून कळते, उदाहरणार्थ क्रँकचे बेअरिंग, तो मी आता दुकानातूनच घेते. ज्याचे माप आकड्यांत पक्के सांगता येते आणि जो मला स्वतःला बसवता येतो, तो ऑनलाइन घ्यायला माझी हरकत नाही. ट्यूब घेताना मात्र टायरच्या मापाबरोबर व्हॉल्व्हही पाहावा, कारण जाड व्हॉल्व्ह बारीक व्हॉल्व्हसाठी पाडलेल्या भोकात शिरत नाही. परत आलेल्या पैशांतून मी चेन ऑनलाइनच मागवली. माझ्या सायकलीला एकच गिअर आहे आणि तिला १/८ इंच रुंदीची चेन लागते, हे मी जुन्या चेनवरून मोजून घेतले होते आणि विक्रेत्याच्या पानावर तो आकडा स्पष्ट लिहिलेला होता. ती चेन पहिल्याच प्रयत्नात बसली.